मुंबई–नागपूर विमान: अंतर ६८३ किलोमीटर, तिकिटावर दीड तास, घर ते घर पाच

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. सकाळचं पहिलं विमान, हातात एकच बॅग आणि घर दादर ते अंधेरी या पट्ट्यात, असं जुळत असेल तर या सेवेला पाचपैकी चार. संध्याकाळचं परतीचं विमान, महिना जुलै आणि घर डोंबिवलीला, तर अडीच, तेही हात सैल सोडून. कंपनी बदलल्याने यात फारसा फरक पडत नाही. इंडिगो काय, एअर इंडिया काय, आकाश तेच, धावपट्टी तीच आणि मुंबई विमानतळाबाहेरच्या सहारची वाहतूकही तीच.

आधी अंतराचा घोळ. ‘मुंबई नागपूर विमानाने किती किलोमीटर’ असं शोधलं की तीन-चार आकडे समोर येतात आणि गंमत म्हणजे त्यातला कुठलाच सरसकट चुकीचा नसतो. मुंबई विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलाईवरून दोरी ताणली तर ती सुमारे ६८३ किलोमीटर भरते. वैमानिकाच्या हिशेबात ३६९ सागरी मैल. हीच दोरी फोर्टातून नागपूरच्या मध्यातल्या, सीताबर्डीजवळच्या झिरो माईलच्या खांबापर्यंत ताणली तर ७०० च्या घरात जाते. कारण साधं आहे: मुंबईचा विमानतळ फोर्टच्या उत्तरेला आहे आणि नागपूरचा विमानतळ सीताबर्डीच्या नैर्ऋत्येला, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या दिशेने सरकलेले. नवी मुंबईच्या विमानतळावरून मोजलं तर अंतर आणखी घटून ६६७ च्या आसपास येतं. म्हणून कुठलंही अंतर वाचताना ते विमानतळ ते विमानतळ आहे की शहर ते शहर, एवढं आधी बघायचं.

रेल्वेचं अंतर ८३७ किलोमीटर. लोहमार्ग कसाऱ्याचा घाट चढून मनमाड, जळगाव, भुसावळ असा उत्तरेला वळसा घेतो आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा करत खाली येतो, त्यामुळे विमानाच्या दोरीपेक्षा दीडशे किलोमीटर जास्त. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ६८३ आणि ७०१ शेजारी ठेवून ‘अरे, रस्ता तर जवळजवळ सरळच आहे’ असं वाटतं, पण समृद्धी भिवंडी तालुक्यातल्या आमणेला संपतो. आमणे ते दादर हा प्रवास त्या ७०१ मध्ये धरलेला नाही आणि तो किती वेळ खाईल हे त्या दिवशीचा भिवंडी बायपासच सांगेल.

ही ६८३ ची रेषा नकाशावर ओढून बघण्यासारखी आहे. मुंबईहून निघून ती हरिश्चंद्रगडाच्या आसपास सह्याद्री ओलांडते, छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ डोक्यावरून जाते, मग लोणार उजवीकडे आणि अमरावती डावीकडे ठेवत वर्ध्याच्या किंचित उत्तरेकडून नागपुरात उतरते. प्रत्यक्ष विमान दर वेळी याच रेषेवर असतं असं नाही, हवाई मार्ग आणि नियंत्रकाच्या सूचना त्याला इकडेतिकडे नेतात. पण नागपूरला जाताना उजवी खिडकी मिळाली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचं स्वच्छ आकाश असेल, तर अर्ध्या वाटेच्या थोडं पुढे लोणारच्या विवराचं गोल ताट दिसण्याची शक्यता असते. पंखावरची जागा घेतली तर मात्र फक्त पंख दिसेल.

आता वेळ. अंतर-वेळ सांगणारी बहुतेक संकेतस्थळं एक ठोकताळा वापरतात: अंतराला ताशी ८०० ने भागा आणि चढ-उताराची अर्धा तास भर घाला. ६८३ ला ८०० ने भागलं की ५१ मिनिटं, अधिक ३०, म्हणजे एक तास एकवीस मिनिटं. तिकिटावर मात्र साधारण दीड तास ते एक तास चाळीस मिनिटं छापलेली असतात. आणि विमान हवेत असतं ते बऱ्याचदा एक तास पाच-दहा मिनिटंच. या तिन्ही आकड्यांत भांडण नाही, प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय.

तिकिटावरची वेळ मोजली जाते ती विमान उभ्या जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून, समोरच्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंत. म्हणजे धावपट्टीकडे रांगत जाणं, तिथल्या रांगेत उभं राहणं, उतरल्यावर पुन्हा रांगणं, सगळं त्यात आलं. वर कंपन्या थोडी उशी ठेवतात. विमान ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलं तर ते ‘वेळेवर’ धरलं जातं, त्यामुळे वेळापत्रकात दहा मिनिटं सैल ठेवली की वक्तशीरपणाचा आकडा आपोआप सुधारतो. ‘आपण पंधरा मिनिटं लवकर पोचलो आहोत’ या घोषणेवर टाळ्या वाजवण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्यावं.

मुंबईहून निघताना वेळ नेमका कुठे जातो ते जरा जवळून बघू. विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर स्वतंत्रपणे विमानं सोडता येत नाहीत. व्यवहारात बहुतेक कारभार एकीवरच चालतो, तो पूर्व-पश्चिम धावपट्टीवर. समुद्रावरून वारा येतो म्हणून विमानं सहसा पश्चिमेला तोंड करून उडतात. नागपूर पूर्वेला आणि विमानाचं नाक जुहूच्या समुद्राकडे! किनारा ओलांडायचा, उंची घ्यायची, वळायचं आणि मग विदर्भाची वाट धरायची. यात चार-पाच मिनिटं जातात आणि उडालेलं अंतर ६८३ पेक्षा वाढतं ते इथेच. त्याआधी रांगण्याची १५ ते २५ मिनिटं वेगळी. खिडकीतून पुढे पाच-सहा शेपट्या एकामागे एक दिसल्या की समजायचं, अजून दहा-बारा मिनिटं आहेत.

हवेत गेल्यावरही ताशी ८०० हा आकडा फार वेळ टिकत नाही. साधारण वीस मिनिटं चढण्यात जातात, उतरायची सुरुवात नागपूर दोनशे किलोमीटर असतानाच होते, आणि मधलं सपाट उड्डाण जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचं. म्हणून सरासरी वेग निघतो तो सहाशेच्या थोडा वर. चहाची गाडी याच वीस-पंचवीस मिनिटांत फिरते. शेवटच्या पाच-सहा रांगांपर्यंत ती येते तोवर पट्टे बांधायचा दिवा लागलेला असतो. खायचं असेल तर तिकिटासोबत आधी नोंदवावं, किंवा सरळ विमानतळावर खाऊन चढावं.

वाऱ्याचा वाटा लोक जास्त समजतात. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचे वारे जोरात असतात, ते नागपूरला जाताना पाठीशी लागतात आणि येताना छातीवर. पावसाळ्यात उलट, वर पूर्वेचे वारे असतात. पण अंतरच एवढं कमी की ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यानेही चार-पाच मिनिटांचाच फरक पडतो. दुबई किंवा लंडनच्या प्रवासात वारा हिशेबात धरावा. इथे धावपट्टीवरची रांग वाऱ्याला केव्हाच मागे टाकते. जाता-येता कानावर पडणारी एक बारीक गोष्ट: जाताना कप्तान ३३ किंवा ३५ हजार फूट सांगतो, येताना ३४ किंवा ३६. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम, असा समोरासमोरची विमानं वेगळ्या मजल्यावर ठेवण्याचा नियम आहे.

परतीच्या प्रवासात खरी गोची आहे. नागपूरहून येणारं विमान मुंबईत पूर्वेकडूनच उतरतं, घाटकोपरच्या बाजूने थेट धावपट्टीवर, वळसा जवळजवळ नाहीच. अंतर जाण्यापेक्षा कमी, तरी वेळ जास्त, कारण मुंबईवर उतरायला नंबर लागतो. नंबर येईपर्यंत विमान लांबट वर्तुळात घिरट्या घालतं. एक फेरी चार ते पाच मिनिटांची. गर्दीच्या वेळी दोन-तीन फेऱ्या नेहमीच्या आणि पावसाची सर धावपट्टीवर बसली तर पाच-सहा. पंख कलला, सूर्य उजव्या खिडकीतून डाव्या खिडकीत गेला, पुन्हा उजवीकडे आला, की फेऱ्या मोजायला सुरुवात करावी. दुसरीकडे नागपूरला उतरताना असा प्रकार क्वचित. तिथे एकच धावपट्टी आहे, ३,२०० मीटरची, पण गर्दी मुंबईच्या तुलनेत काहीच नाही. चाकं टेकल्यापासून दार उघडेपर्यंत सात-आठ मिनिटं पुरतात. मे महिन्यात दुपारी उतरायचं असेल तर तापलेल्या जमिनीवरच्या हवेत शेवटची दहा मिनिटं गचके बसतात. धोका काही नाही, पण पोटाने नाजूक असणाऱ्यांनी सकाळचंच विमान घ्यावं.

पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, आणि पावसाळा संपल्यावर मुंबईच्या धावपट्ट्या देखभालीसाठी दिवसा काही तास बंद ठेवतात, साधारण सकाळी ११ ते संध्याकाळी ५. तारीख बरीच आधी जाहीर होते. त्या दिवसाच्या आसपासचं दुपारचं तिकीट काढण्यात अर्थ नाही.

उशीर का होतो, याचं सर्वांत मोठं कारण मात्र या मार्गावर नसतंच. तुमचं रात्रीचं विमान सकाळपासून कुठे कुठे फिरून आलेलं असतं. सकाळी दिल्लीत धुक्यात वीस मिनिटं गेली, दुपारी बेंगळुरूला पंधरा, मुंबईत घिरट्या पंचवीस, आणि संध्याकाळी नागपूरच्या प्रवाशांच्या वाट्याला तासाभराचा उशीर. सकाळचं पहिलं विमान रात्रभर तिथेच उभं असेल तर हे शेपूट त्याला नसतं. त्यावर उपाय एकच: निघायच्या तीन तास आधी विमान-माग दाखवणाऱ्या ॲपवर आपल्या विमानाचा क्रमांक टाकून ‘हे विमान आत्ता कुठे आहे’ ते बघायचं. येणारं विमान अजून जयपूरलाच उभं असेल तर कंपनीचा ‘वेळेवर’ असा संदेश कितीही गोड असला तरी घरून घाईने निघू नये. पण चेक-इनची वेळ मात्र छापील वेळेवरूनच धरायची, कारण कंपनीने अधिकृतपणे वेळ बदललेली नसते तोवर काउंटर छापील वेळेप्रमाणे बंद होतो.

वेळ मोजण्याची ही पद्धत पैशाच्या बाबतीतही कामी येते. विमान रद्द झालं, तुम्हाला पुरेशी आधी सूचना मिळाली नाही आणि कारण हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं नसलं, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाने भरपाई मिळते आणि ती उड्डाणाच्या याच छापील कालावधीवर ठरते. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. मुंबई–नागपूर दीड तासाचं, म्हणजे कमाल ७,५००. भाडं साडेतीन हजारांचं असेल तर हातात त्याच आसपास काही येईल, साडेसात नाही. काउंटरवर वाद घालण्याआधी हे माहीत असलेलं बरं. तिकिटाचा परतावा यापेक्षा वेगळा असतो, तो सोडू नये. आणि अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला की चहा-नाश्ता देणं कंपनीवर बंधनकारक आहे. न मागता मिळालं तर उत्तम, नाहीतर मागावा.

आता दादर ते नागपूरची धरमपेठ असा हिशेब मांडू. दादरहून सहारच्या टर्मिनल दोनला टॅक्सीने ४५ ते ७५ मिनिटं. विमानतळावर दीड तास आधी पोचायचं, कारण सामानाचा काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो आणि विमानात चढायचं दार २५ मिनिटं आधी. मग विमानाची एक तास पस्तीस. नागपूरला बॅग पट्ट्यावर यायला १५-२० मिनिटं आणि सोनेगावहून धरमपेठेत २० मिनिटं. बेरीज पाच तासांच्या आसपास, आणि त्यात प्रत्यक्ष उडणं आहे सव्वा तासही नाही. सामान हातातलंच असेल आणि वेब चेक-इन व डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या ॲपवरची नोंद) आधीच झालेलं असेल तर मुंबईच्या टोकाची वीस-पंचवीस मिनिटं सहज वाचतात. परत येताना सामानाच्या पट्ट्यावर मुंबईत अर्धा तास धरून चालावं.

टर्मिनल न बघता निघणं ही या मार्गावरची सर्वांत महागडी चूक. एकाच कंपनीची विमानं टर्मिनल एकवरूनही सुटतात आणि दोनवरूनही. सांताक्रूझच्या बाजूचं एक आणि सहारचं दोन यांच्यात रस्त्याने चार-पाच किलोमीटर अंतर आहे आणि सकाळी नऊला त्याला अर्धा तास लागू शकतो. आता तिसरा फाटा आलाय तो नवी मुंबईचा. तिथली वाहतूक २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. पनवेल, खारघर, वाशीवाल्यांना नवा सोयीचा. बोरिवलीकराने शंभर-दोनशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून तो घेतला तर टॅक्सीत त्याच्या कितीतरी पट जातील.

भुयारी मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यापासून चित्र बरंच सुधारलंय. दोन्ही टर्मिनलना तिची स्थानकं आहेत. ठाणे-मुलुंडकडच्यांनी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ धरली की पुढचंच स्थानक टर्मिनल दोन. रस्त्यावर काहीही तुंबलेलं असो, हा मार्ग वेळ पाळतो. पहाटे सहाच्या विमानाला मात्र याचा उपयोग नाही, मेट्रोच तेव्हा डोळे चोळत असते. नागपूरकडे मेट्रोचं ‘एअरपोर्ट’ नावाचं स्थानक वर्धा रोडवर आहे. नाव तसं असलं तरी ते टर्मिनलच्या दारात नाही. मधल्या तुकड्याला रिक्षा किंवा जोडसेवा लागते. दोन बॅगा असतील तर सरळ कॅब करावी.

पाच तासांसमोर दुरांतो एक्स्प्रेस ठेवली तर तिला साधारण सव्वाअकरा तास लागतात. पण ते रात्रीचे, झोपेत गेलेले, आणि सकाळी तुम्ही सीएसएमटीला किंवा नागपूर स्थानकात शहराच्या मध्यात उतरता. नागपूरहून रात्री बसून सकाळी मंत्रालयात काम असेल तर दुरांतो विमानाला हरवते. हॉटेलचा खर्चही वाचतो. दुपारी बाराची बैठक असेल तर सकाळचं विमान. समृद्धीवर ताशी १२० ची मर्यादा पाळून, दोन थांबे घेऊन साधारण आठ तास लागतात, वर मुंबईतला भाग. कारचा पूर्ण टोल १,४४५ रुपयांच्या आसपास, इंधन वेगळं. चौघं असतील तर परवडतं, एकट्याने एवढा सपाट, सरळ सिमेंटचा रस्ता दिवसभर चालवू नये, डोळा लागतो.

अमरावतीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. बेलोऱ्याचा विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला आणि मुंबईहून तिथे अलायन्स एअरचं एटीआर विमान जाऊ लागलं. अंतर फक्त ५४० किलोमीटर, नागपूरपेक्षा दीडशेने कमी, तरी छापील वेळ पावणेदोन तास. पंख्याचं विमान आहे, ताशी पाचशेच्या आसपास चालतं. ‘अंतर कमी म्हणजे वेळ कमी’ हे गणित इथे साफ कोसळतं. तरीही नागपूरला उतरून दीडशे किलोमीटर मागे येण्यापेक्षा ते चांगलं, फक्त ते रोज नसतं, म्हणून वार बघून तिकीट काढावं.

भाड्याचं म्हणाल तर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचे दिवस टाळा. आमदार, अधिकारी, पत्रकार आणि कंत्राटदार सगळे याच विमानांत असतात. सोमवार सकाळचं जाणारं आणि शुक्रवार संध्याकाळचं येणारं तिकीट तर विचारूच नका. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवरच्या गर्दीमुळे नागपुरात, आणि ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीमुळे दादर परिसरात रस्त्याला जास्त वेळ धरा.

राहिलं सामान. विमानाच्या पोटात जाणाऱ्या, म्हणजे काउंटरवर दिलेल्या सामानाची मर्यादा १५ किलो, हातातल्याची ७. बऱ्याच तिकिटांवर ते १५ किलो एकाच नगात धरतात, म्हणजे आठ किलोची बॅग आणि पाच किलोचं संत्र्यांचं खोकं असे दोन नग केले तर वजन मर्यादेत असूनही दुसऱ्याचे पैसे पडू शकतात. खोकं हातात घेणं बरं. पोटात टाकायचंच असेल तर संत्री घट्ट भरा, मधे कागदाचे बोळे. अर्धवट भरलेल्या खोक्यात ती एकमेकींवर आपटतात आणि मुंबईला साल फुटलेली निघतात. लोणचं हातात चालत नाही, ते पोटात जाईल. सुक्या खोबऱ्याची गोष्ट वेगळी: त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून पोटातल्या सामानात २०२२ पासून बंदी आहे, आणि तपासणीत सापडलं की बॅग उघडायला तुम्हालाच बोलावतात. पॉवर बँकही पोटात चालत नाही, ती हातातच ठेवायची.